कुशीची फळी

गुरुवारी सकाळी दहा वाजता तेर्पस्त्रा बाई घर बघायला येणार होत्या. आज शनिवार होता, आणि वीत्स्के माडीवरच्या खोलीत मधोमध उभी राहून चारी बाजूंना बघत होती. बघण्यासारखे काही नव्हतेच. पायाखाली उघडे सिमेंट, भिंतींवर जुना कागद खरवडून काढल्याचे ओरखडे, छतातून लोंबणाऱ्या दोन तारा. आधीचा भाडेकरू नियमाने वागणारा होता. जाताना त्याने जमिनीवरचा गालिचा, पडद्यांचे दांडे, दिवे, दारामागचा हूकसुद्धा काढून नेला होता. हार्लिंगनसारख्या डच गावात भाड्याचे घर असेच मिळते, सोललेल्या बटाट्यासारखे. त्याचे तिला काही वाटले नाही. पण पाच दिवसांत आणि जवळच्या तीनशे गिल्डरांत त्या बटाट्याचे जेवण करायचे होते.

वीत्स्के चोपन्न वर्षांची होती. त्यातली बावीस वर्षे तिने बेटांवर जाणाऱ्या बोटीच्या उपाहारगृहात कॉफी ओतण्यात आणि कप विसळण्यात काढली होती. समुद्र कितीही खवळला तरी तिच्या हातून बशीत थेंब सांडत नसे, आणि याचा तिला जरासा अभिमानही होता. लग्न केले नाही. सायकलच्या दुकानावरच्या एका खोलीत राहिली. घरासाठी नऊ वर्षे रांगेत नाव होते. दोन निजायच्या खोल्या हव्यात असे तिने लिहून दिले, तेव्हा कचेरीतल्या माणसाने चष्म्यावरून बघत विचारले होते,

"एकट्या बाईला दुसरी खोली कशाला?"

"भावाला."

"भाऊ कुठंय?"

"तुम्ही खोली दिलीत की येईल."

भाऊ म्हणजे फोप्पे, तिच्याहून तीन वर्षांनी धाकटा. जन्मापासूनच तो जरा निराळा. त्याला वाचता येत नाही, पण भोंग्यावरून बोट ओळखता येते. पैसे मोजता येत नाहीत, पण जेवताना कुणाच्या ताटात कमी आले आहे ते त्याला सगळ्यांच्या आधी कळते. गावाकडच्या घरात तो भिंतीतल्या पलंगात निजायचा. कपाटासारखा पलंग, आत शिरायचे आणि दारे ओढून घ्यायची. आईवडील गेले, घर विकले गेले आणि फोप्पे त्याच्यासारख्या माणसांच्या संस्थेत आला. तिथे चारी बाजूंनी उघडी लोखंडी खाट होती. पहिला हिवाळा तो त्या खाटेखाली झोपला. मग कुणाला तरी सुचले आणि खाटेला लागून एक कपाट सरकवले गेले, तेव्हा कुठे वर आला.

आता ती संस्थाच बंद होत होती. सगळ्यांना जर्मन सरहद्दीजवळच्या रानातल्या नव्या जागेत नेणार होते. वीत्स्केला जाऊन यायचे म्हटले तर अख्खा दिवस. ज्यांना नातेवाईक घरी ठेवून घेतील त्यांनी जावे, पण संस्थेच्या तेर्पस्त्रा बाईंनी घर योग्य ठरवले तर. मार्चमध्ये एका चुलतभावाने फोप्पेला दोन रात्री ठेवून बघितले. दोन्ही रात्री फोप्पे पलंगाशेजारी उभा होता. त्याच्या कागदांत तेव्हा लिहिले गेले, 'घरात रुळत नाही.' असे आणखी एकदा लिहिले गेले की विषय संपला. गुरुवारी तेर्पस्त्रा बाई फोप्पेला सोबत आणणार होत्या, आणि निकाल लागेपर्यंत तो वीत्स्केकडेच राहणार होता. नव्या जागेची बस चौदा जुलैला सुटणार होती.

वीत्स्केने कामाला सुरुवात केली ती रंगाच्या दुकानापासून. तिथे मागच्या फळीवर चुकून कालवले गेलेले डबे पाव किमतीला ठेवलेले असत. दुकानदार म्हणाला, "हा घे. एका बाईंना समुद्रासारखा हवा होता. झाला मटारच्या सूपसारखा."

"माझ्या भावाला सूप आवडतं."

"मग चमचापण घेऊन जा!"

रविवारी आणि सोमवारी तिने दोन हात मारले. रंग वाळल्यावर डब्यात दिसत होता तेवढा वाईट दिसेना. शनिवारच्या बाजारातून गालिच्याचे तीन उरलेले तुकडे आणले होते, तिन्ही निळे, पण तीन वेगवेगळे निळे. चामडे कापायच्या सुरीने तिने ते असे बेतले की सगळ्यांत गडद तुकडा दाराशी आला, जिथे बूट घासतात. बोटीच्या मोठ्या दालनातले पडदे गेल्या वर्षी बदलले होते. जुने तिने तेव्हाच मागून ठेवले होते. नारिंगी-तपकिरी जाड कापड, एका कडेला उन्हाने विटलेले. विटलेली बाजू कापून, आतून चादरीचे अस्तर लावून तिने ते खिडकीला बसवले. दिव्याला टोपली उलटी करून अडकवली. खोली खोलीसारखी दिसू लागली.

राहिला पलंग. जुन्या सामानाच्या दुकानात पलंग पुष्कळ होते, पण सगळे ताटासारखे उघडे. कुठल्याही पलंगाकडे बघितले की तिला त्याच्याशेजारी उभा असलेला फोप्पे दिसे.

"बुधवारी मोठा कचरा आहे," शेजारची अफ्के म्हणाली. अफ्के सत्तरीची विधवा होती, आणि तिच्या जिभेला नवऱ्याच्या हयातीतही सुट्टी नसे. "मंगळवारी जेवणं झाली की लोक टाकायचं सामान बाहेर काढतात. माझी हातगाडी घेऊ. पण ऐक, उकरायचं नाही. वर असेल तेवढंच उचलायचं, बाकीचं होतं तसं नीट ठेवायचं. आणि कुणी खिडकीतून बघत असेल तर हात हलवायचा. लाजणारा माणूस चोर दिसतो."

जूनमधले ऊन रात्री दहापर्यंत हलत नाही. गावभर फुटपाथवर गाद्या, खुर्च्या, मोडके दिवे मांडले होते आणि त्यांच्यामधून सभ्य माणसे फिरायला निघाल्यासारखी हिंडत होती. कालव्याकाठच्या एका अरुंद, उंच घरापाशी वीत्स्के थांबली. तिथे एक फाटकी गादी होती, गंजलेली इस्त्रीची फळी होती, आणि त्यांच्यापासून दोन पावलांवर, दिव्याच्या खांबाला टेकून, एक पलंग उभा होता. जहाजाच्या केबिनमधला, जाड लाकडाचा, अरुंद आणि खोल. दोन्ही कुशींना हातभर उंच फळ्या. एखादी पेटीच.

वीत्स्केने वर बघितले. त्या घराच्या कपाळावर, सगळ्या जुन्या घरांना असते तशी, तुळई पुढे आलेली होती, आणि तिच्या हुकातून एक दोरी खाली लोंबत वाऱ्यावर हलत होती. तिने मान खाली घातली.

"उचल त्या बाजूने," ती अफ्केला म्हणाली.

बुधवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा घेतली, पलंग अंगणात ठेवून पॉलिशपेपरने घासला आणि उरलेला हिरवा रंग लावायला घेतला. एक बाजू पुरी झाली होती तेव्हा अफ्के बेकरीतून आली. हातात साखरपाव होता, आणि तोंडात शब्द नव्हता. एवढ्यावरूनच वीत्स्केचा कुंचला थांबला.

"बेकरीच्या काचेवर चिठ्ठी लावलीय," अफ्के शेवटी म्हणाली. "माझ्या वडिलांचा जहाजावरचा पलंग, वरच्या मजल्यावर चढवायला बाहेर ठेवला होता, मंगळवारी संध्याकाळी कुणीतरी नेला. उद्या दुपारपर्यंत परत आला नाही तर पोलिसांत देणार. खाली नाव, दौवे हूक्स्त्रा. तो, जहाजं ओढणाऱ्या बोटीवरचा कप्तान."

वीत्स्केच्या हातातल्या कुंचल्यातून हिरवा थेंब फरशीवर पडला.

"दोरी लोंबत होती का गं?" अफ्केने विचारले. "माझी नजर जात नाही तेवढ्या वर."

"होती."

कुठल्याही घराच्या हुकातून दोरी लोंबत असली की सामान जिन्याने जाणार नाही, खिडकीतून जाणार, हे या गावात शाळेत जायच्या आधी कळते. अफ्के खुर्चीत बसली. मग अफ्केचे डोके चालू लागले.

"दुपारपर्यंत म्हणालाय ना? बाई दहाला येणार, अकराला जाणार. बाराला आपण नेऊन ठेवू. एका रात्रीने कोण मरतंय?"

वीत्स्केने तो हिशेब आधीच करून टाकला होता. सगळा जुळत होता. फोप्पे येईल, पलंग बघेल, आत शिरेल, कुशीला फळी लागेल. तेर्पस्त्रा बाई लिहितील, रुळला. आणि एका तासाने त्याच्या अंगाखालून तो पलंग काढून घ्यायचा. त्यानंतरचा फोप्पे तिला दिसेना. तो दिसत नव्हता म्हणूनच ती उठली.

"मी त्यांच्याकडे जाते."

"वेडी आहेस. निदान दोरीचं बोलू नकोस. ऊन डोळ्यांवर होतं म्हण. म्हणशील ना?"

दौवे हूक्स्त्राने दार उघडले. साठीचा, दारात मावत नाही असा माणूस. वीत्स्केने नावही सांगितले नाही.

"तुमचा पलंग माझ्याकडे आहे."

"चोरलात?"

"कचरा समजून उचलला."

"कचरा दोन पावलं पलीकडे होता. आणि वर दोरी दिसली नाही?"

मागोमाग आलेली अफ्के मोठ्याने खोकली.

"दिसली," वीत्स्के म्हणाली.

"मग?"

"मग मी खाली बघितलं."

त्याने खुंटीवरची टोपी घेतली आणि तिच्या पुढे चालू लागला, जणू घर त्याला ठाऊक होते. अंगणात पलंग बघून तो जागीच थांबला.

"हे काय फासलंय?"

"रंग."

"तो मला दिसतोय. कसला?"

"मटारच्या सूपचा," अफ्के म्हणाली. कुणी हसले नाही.

"हा पलंग चाळीस वर्षं समुद्रावर होता," दौवे म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, उलट उतरला, आणि ते जास्त वाईट होते. "याच्यावर कुणी कधी ब्रश टेकवला नाही. पुसा."

रंग अजून ओला होता. वीत्स्के गुडघ्यांवर बसली, टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवून पुसू लागली. दौवे अफ्केच्या खुर्चीत बसून बघत राहिला. एक चिंधी झाली, दुसरी झाली. कोपऱ्यांतला रंग तिने काडीने काढला. बऱ्याच वेळाने त्याने विचारले,

"कुणासाठी नेला होतात?"

तिने सांगितले. खाट, कपाट, चुलतभाऊ, चौदा जुलै, उद्या दहा वाजता. सांगताना हात थांबवला नाही.

"पलंग मी देणार नाही," तो म्हणाला.

"मी मागितला नाही."

"नाही मागितलात. ते बरं केलंत." तो उठला. पुसलेल्या बाजूवरून त्याने अंगठा फिरवला. "सकाळी आठला बायकोला घेऊन येतो. दहाला भरती आहे, माझी बोट निघते."

"अकरानंतर नाही का जमणार?"

"भरती थांबत नाही, बाई." दारापर्यंत जाऊन तो वळला. "वडील निवृत्त झाले तेव्हा आईने त्यांना नवा पलंग केला होता. त्यांना झोप येईना, पडू असं वाटायचं. त्यांना हा पलंग नको होता हो, फळी हवी होती. कुशीला फळी लागली की माणूस झोपतो. खाली गादी कुठलीही असो."

वीत्स्के चिंधी हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली.

"आणि खिळ्यांनी ठोकू नका," तो म्हणाला. "खाचेत बसवा. जहाजात तशीच असते. वारा सुटला की लावायची, पडला की काढायची."

तो गेल्यावर अफ्के म्हणाली, "फळी कुठून आणणार आता? दुकानं मिटली."

वीत्स्के घरात गेली आणि सायकलच्या दुकानावरच्या खोलीतून आणलेले आपले एकुलते एक फडताळ रिकामे करू लागली. बरण्या, ताटल्या, चहाचे डबे सगळे जमिनीवर आले. फडताळाच्या बाजूच्या फळ्या जाड आणि पुरेशा लांब होत्या. माडीवर धुराड्याच्या पुढे आलेल्या भिंतीशेजारी एक कोनाडा होता, पाच फूट नऊ इंच लांब. फोप्पे पाच फूट सहा. तिन्ही बाजूंना भिंत, म्हणजे उघडी एकच बाजू राहत होती. आपल्या पलंगावरची गादी तिने ओढत वर नेली आणि कोनाड्यात घातली. मग आपल्या जुन्या खोलीखालच्या सायकलवाल्याकडे जाऊन पटाशी मागून आणली.

"बाई, तुम्ही सुतार कधीपासून?"

"आजपासून. धार आहे ना?"

दोन उभ्या पट्ट्या, प्रत्येकीत एक खाच, खाचांत आडवी फळी. डावी खाच नीट झाली. उजवी करताना ऊन उतरले, हात दमले, आणि ती किंचित अरुंद राहिली. फळी बसली, पण काढताना अडली. खालून जरा ठोकले की निघे. वीत्स्केने दोनदा ठोकून बघितले आणि पटाशी ठेवून दिली. ती स्वतः त्या रात्री कोटावर झोपली.

दौवे बायकोला घेऊन आठला आला. त्याने पलंग उन्हात फिरवून बघितला. एका सांध्यात केसाएवढी हिरवी रेघ राहिली होती. वीत्स्केला ती दिसली आणि त्यालाही दिसली.

"चिठ्ठी काढतो," एवढेच तो म्हणाला. पलंग गाडीवर चढवून झाल्यावर तो न विचारता माडीवर गेला, फळी हलवून बघितली, "उजवीकडे आणखी एक स्क्रू घाला," असे म्हणून निघून गेला. वीत्स्केने स्क्रू घातला.

दहा वाजायला तीन मिनिटे असताना गाडी थांबली. तेर्पस्त्रा बाई चाळिशीच्या, नीटनेटक्या, हसऱ्या. पण वीत्स्के बावीस वर्षे उतारूंचे चेहरे बघत आली होती. हे हसू कामाच्या आधीचे आहे हे तिने ओळखले. मागून फोप्पे उतरला, पिशवी छातीशी धरून.

"वीत्स, तुझं घर?"

"हो. ये."

माडीवर तो उंबऱ्यात थांबला. भिंतीला हात लावला, मग हात हुंगला. तेर्पस्त्रा बाईंनी रेडिएटर चालू करून बघितला, खिडकी उघडून मिटली, गालिच्याचा जोड बुटाच्या टोकाने दाबला. "छान बेतलाय," त्या म्हणाल्या आणि लिहिले. मग त्या कोनाड्याकडे वळल्या आणि त्यांची पेन्सिल थांबली.

"ही फळी कशासाठी?"

वीत्स्केने सांगितले. तोवर फोप्पेने बूट काढून शेजारी शेजारी ठेवले होते. तो फळीवरून पाय टाकून आत गेला आणि फळीला पाठ लावून आडवा झाला. पण तेर्पस्त्रा बाईंनी टेप काढला होता.

"बेचाळीस सेंटिमीटर." त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघा, माणसाला पलंगात कोंडून ठेवता येत नाही. तुमचा हेतू मला कळतोय, पण उंच कडांचा पलंग म्हणजे कोंडणंच, असं नियम म्हणतो. अपवाद एकच. त्याला स्वतःहून बाहेर येता आलं पाहिजे. येतं का?"

"येतं. फळी निघते."

"त्याने काढलेली तुम्ही पाहिलीय?"

"नाही," वीत्स्के म्हणाली. "अजून नाही."

"मग बघावं लागेल. तुम्ही बोलायचं नाही. खूण नाही, हाक नाही." त्या कोनाड्यापाशी वाकल्या. "फोप्पे, जरा बाहेर येऊन दाखवता?"

"नाही."

"का हो?"

"आत्ताच आलोय."

तेर्पस्त्रा बाईंनी घड्याळ बघितले. "अकराला मला दुसऱ्या गावी पोचायचंय. पावणेअकरापर्यंत जे दिसेल ते लिहीन."

वीत्स्के जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली. हातांनी खूण होऊ नये म्हणून तिने ते मांड्यांखाली दाबून धरले. खोलीचे दार उघडे होते. फळीच्या वर फोप्पेचा खांदा दिसत होता, वर खाली होणारा. मार्चपासून ती याच गोष्टीसाठी तळमळत होती, तो निवांत पडावा म्हणून, आणि आता ऊठ, ऊठ, असे मनात म्हणत होती. साडेदहाला बंदरात भोंगा वाजला.

"बेटाची," फोप्पे भिंतीकडे तोंड करून म्हणाला. उठला नाही.

दहा पस्तीस. तेर्पस्त्रा बाईंनी कागदाची घडी घालायला घेतली. दहा चाळीस. फोप्पे उठून बसला. त्याने फळीची वरची कड दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. डावी बाजू वर आली, उजवी अडकली. त्याने पुन्हा ओढली. वीत्स्केला ठाऊक होते, खालून एक ठोसा, एवढेच. तिने ओठ दातांखाली धरले. फोप्पेने फळीकडे जरा रागाने बघितले. मग त्याने टाच उचलली आणि उजव्या कोपऱ्याला खालून हाणली. फळी निघाली. ती त्याने जमिनीवर ठेवली, गालिच्याच्या जोडाला समांतर, आणि मोज्यांनिशी बाहेर आला.

"शूला जायचंय. कुठंय?"

वीत्स्केने तेर्पस्त्रा बाईंकडे बघितले.

"सांगा ना," त्या म्हणाल्या. "माणसाला अडवून काय ठेवताय!"

"जिन्याच्या डावीकडे."

तो गेला, आला, दोघींकडे न बघता आत शिरला आणि फळी खाचांत बसवली. उजवी बाजू तळव्याने थोपटून खाली दाबली. तेर्पस्त्रा बाई उभ्या उभ्या बराच वेळ लिहीत होत्या.

"पत्र दहा दिवसांनी येईल," जिना उतरताना त्या म्हणाल्या. "त्याआधी मला काहीच बोलता येत नाही." खालच्या पायरीवर त्या थांबल्या. "आज दुपारी मला एक फोन करायचाय. चौदा तारखेच्या बसमध्ये एक जागा कमी धरा म्हणून. ते बसचं काम झालं. तुमच्याशी त्याचा संबंध नाही."

वीत्स्केने मान हलवली. गाडी निघून गेली तरी ती दारात उभीच होती.

वरून हाक आली. "वीत्स! दार लाव ना. वारा लागतोय!"

तिने दार लावले.